रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स आता घ्यावा का, की थोडं थांबावं?

मीनल_देवगड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर विचारते आहे, कारण दुकानदार, मावसभाऊ आणि शेजारचे काका अशा तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आहेत आणि पैसे एकदाच खर्च करायचे आहेत.

आमचं घर देवगड तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत. घरी आई-बाबा दोघंच. मी पुण्याला असते. घरात साधा एसडी (एचडी नसलेला) बॉक्स आहे, तो आता मध्येच बंद पडतो आणि आपोआप परत चालू होतो. म्हणजे बदलायचा आहेच. प्रश्न एवढाच, की बदलताना रेकॉर्डिंगचा घ्यावा का.

कारण सांगते. बाबा भजनात पखवाज वाजवतात. आता मंडळात तरुण मुलं आहेत, पण डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) असली की अजून बाबांनाच बोलावणं येतं. सह्याद्री वाहिनीवर अभंग, कीर्तन, नाट्यसंगीत लागतं ते त्यांना हवं असतं. नुसतं ऐकायला नव्हे. साथीला बसलेला माणूस कुठे उठान घेतो, कुठे हात आवरतो ते बघायला. आणि नेमकं तेव्हा ते बागेत असतात. मार्च ते मे तर विचारूच नका, आंबा उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं यात दिवस जातो. कधी सापडलाच कार्यक्रम, तरी एखादी जागा निघून जाते आणि ती परत ऐकता येत नाही. त्या दिवशी फोनवर म्हणाले, "मागे नेता आलं असतं तर त्याचा हात नीट बघितला असता." माझ्या बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून हे मनावर घेतलं आहे.

आईचं वेगळं. तिची मालिका आणि बाबांच्या बातम्या एकाच वेळी येतात. दर वेळी आईच उठून स्वयंपाकघरात जाते.

आता तिघांचं म्हणणं. दुकानदार म्हणतो, रेकॉर्डिंगचे बॉक्स आता येत नाहीत, त्याच्याकडे ५०० जीबीचा वापरलेला एक आहे, साडेतीन हजारांना, आठवड्यात घ्या नाहीतर जाईल. मावसभाऊ म्हणतो, छत्रीचा, म्हणजे डिशचा, जमाना संपला, इंटरनेटवर चालणारा अँड्रॉइड बॉक्स घे. शेजारचे काका म्हणतात, थांब, आता टीव्हीतच छत्रीची वायर लागणार आहे, बॉक्स लागणारच नाही.

घरापर्यंत फायबर आलेलं नाही. मोबाइलला रेंज पडवीच्या एका टोकाला येते, आत नाही. पावसाळ्यात वीज जाते. इन्व्हर्टर आहे. कुणी असा बॉक्स वापरला असेल तर सांगा.


शंतनू_ठाणे

मीनल, मी तुझ्या मावसभावाच्या बाजूचा. मालिकांसाठी रेकॉर्डरची गरजच उरलेली नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर आहेत, झी मराठीच्या झी-फाइव्हवर. आई दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत बघेल. सह्याद्रीसाठीही प्रसारभारतीनं वेव्हज नावाचं ॲप आणलंय, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात त्याचं उद्घाटन झालं. शिवाय सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे, तिथे पुष्कळ जुने-नवे कार्यक्रम सापडतात. ते आधी शोधून बघ, बाबांच्या कामाचं त्यात बरंच निघेल.

डीटीएचचे आकडेही बघ. दूरसंचार नियामक ट्रायच्या अहवालानुसार मार्च २०२४ मध्ये सक्रिय ग्राहक साधारण ६.२ कोटी होते, वर्षभरात ते ५.७ कोटींच्या आसपास आले. लोक सोडून चाललेत. ज्या धंद्यातून माणसं बाहेर पडतायत त्यातला वापरलेला बॉक्स कशाला घ्यायचा? थोडी कळ काढ, फायबर येईल.


छत्रीवाला_कणकवली

मी २००७ पासून छत्र्या बसवतो. आधी कणकवलीत, आता मालवणपासून वैभववाडीपर्यंत जातो. मीनलताईंचं घर कसल्या जागी असेल ते डोळ्यांपुढे आलं, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे तो वापरलेला बॉक्स घेऊ नका. किंमत जास्त आहे हे कारण नाही. टाटा स्कायनं २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आणला, तेव्हापासून मी अशा बॉक्सचं काम केलंय, चांगली वस्तू होती. पण आतली हार्ड डिस्क कधी थांबत नाही. तुम्ही रेकॉर्डिंग लावा की न लावा, चालू वाहिनी मागे नेता यावी म्हणून ती सतत लिहीत असते. त्यात आपल्याकडची दमट हवा आणि टीव्हीखालच्या कपाटातली गरमी. बरीच वर्षं फिरलेली डिस्क किती दिवस चालेल हे दुकानदारही सांगू शकत नाही. कानाशी धरलात आणि टकटक ऐकू आली तर तिचे दिवस भरले समजा.

दुसरं, तो बॉक्स आधी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असणार. घ्यायचाच झाला तर पैसे द्यायच्या आधी बॉक्सवरचा नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगा आणि तुमच्या नावावर चालू करून देणार का ते विचारा. नाही म्हणाले तर तो नुसता डबा.

तिसरं कुणी सांगत नाही. एक वाहिनी बघताना दुसरी रेकॉर्ड व्हायची तर छत्रीवरून बॉक्सपर्यंत दोन वायरी लागतात आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) दोन तोंडांचा लागतो. तुमच्याकडे साधा बॉक्स आहे म्हणजे एकच वायर असणार. साडेतीन हजारांत हा खर्च धरलेला नसतो. वायर एकच ठेवली तर आईची मालिका आणि बाबांच्या बातम्या यांचं भांडण तसंच राहील.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग त्या बॉक्सला आणि कार्डाला बांधलेलं असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी काही दिसत नाही. रिचार्ज संपला की बहुतेक बॉक्सवर जुनं रेकॉर्डिंगसुद्धा लागत नाही. कंपनी बदलली की सगळं गेलं. पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करणारे डीटीएच बॉक्स येतात त्यांचंही तेच, तो पेन ड्राइव्ह दुसरीकडे चालत नाही. बाबांना एखादं भजन वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर ही जागा त्याची नव्हे.

शंतनूसाहेब, तुमचं मालिकांबद्दलचं म्हणणं बरोबर. पण पडवीच्या टोकाला उभं राहून रेंज येते तिथे तासाचा कार्यक्रम कसा बघणार? ठाण्यातून फायबर येईल म्हणणं सोपं आहे.


मीनल_देवगड

दादा, खूप बरं वाटलं वाचून. दोन वायरींचं मला खरंच कुणी बोललं नव्हतं.

शंतनू, यूट्यूबवर शोधलं. काही कार्यक्रम आहेत आणि ते मी पुण्यात उतरवून बाबांना नेऊन देईन. पण बाबांना हवं ते सगळं तिथे नाही, आणि त्यांना माझी वाट न बघता स्वतः बटण दाबून ठेवता यावं असं मला वाटतं.

काकांच्या म्हणण्याचं काय? टीव्हीतच छत्रीची वायर लागणार असेल तर थांबण्यात अर्थ आहे का?


वैशाली_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये असते. मूळची साताऱ्याची. इथे छत्रीवर रेकॉर्डिंग खूप आधी आलं, स्काय प्लस २००१ मध्ये आणि वर्गणी न लागणारं फ्रीसॅट २००८ मध्ये. त्यामुळे "आता घ्यावा की थांबावं" हा वाद इथल्या घरोघरी होऊन गेलाय. दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या वाटल्या.

एक, छत्री एका दिवसात कुणी बंद करत नाही. आधी प्रक्षेपणाची पद्धत बदलते. बीबीसीनं जानेवारी २०२४ मध्ये उपग्रहावरचं एसडी प्रक्षेपण थांबवलं. ज्यांचे बॉक्स एचडी दाखवू शकत नव्हते त्यांच्याकडे बीबीसी दिसेनाशी झाली. उपग्रह तिथेच आहे, छत्री तीच आहे, फक्त बॉक्स निकामी. म्हणून बॉक्स घेताना तो कोणतं प्रक्षेपण वाचू शकतो ते बघा.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. थांबलं की आणखी चांगला रेकॉर्डर मिळेल असं आपण धरून चालतो. इथे २०२४ च्या एप्रिलमध्ये फ्रीली आलं, बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल फोर, फाइव्ह सगळ्यांनी मिळून आणलेलं, इंटरनेटवरून चालणारं. त्यात रेकॉर्डिंग नाहीच. कार्यक्रम त्यांच्याकडे आहे तोवर तुम्ही बघायचा. त्यांनी काढला की संपलं. म्हणजे नवीन येतं त्यात तुम्हाला हवी असलेली सोय असेलच असं नाही. बाबांना ठेवायचं असेल तर ठेवू देणारी वस्तू मिळतेय तोवर घ्या.


छत्रीवाला_कणकवली

वैशालीताई, अगदी मुद्द्याचं बोललात. इकडचे नवे अँड्रॉइड बॉक्ससुद्धा त्याच वाटेवर आहेत. ॲप भरपूर, मागचे भाग बघा म्हणतात, पण डिस्क नाही.

मीनलताई, काकांचं म्हणणं हवेतलं नाही. भारतीय मानक ब्युरोनं टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) असावा यासाठी मानक काढलंय, आयएस १८११२, जानेवारी २०२३ मध्ये त्याची माहिती आली होती. पण ते मोफत वाहिन्यांसाठी आहे. पैसे भरायच्या वाहिन्यांना त्या त्या कंपनीचा बॉक्स लागणारच. कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली होती, दुकानात तो मी अजून पाहिलेला नाही. आणि तुम्ही बॉक्स बदलताय, टीव्ही नाही. त्यासाठी थांबू नका.

आता माझा सल्ला. रात्री शांतपणे विचार केला या घराचा. बाबांना हवंय ते सगळं सह्याद्रीवर आहे. सह्याद्री डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या बिनवर्गणीच्या छत्रीसेवेवर, मोफत आहे आणि तिथे तिला कुलूप नाही. कुलूप नाही म्हणजे रेकॉर्डिंगलाही कुलूप नाही. बाजारात फ्री डिशचा एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) एचडी बॉक्स हजार-दीड हजाराला मिळतो, मागे किंवा पुढे यूएसबीची जागा असते. पेन ड्राइव्ह लावा, रिमोटवरचं लाल बटण दाबा, झालं. तो पेन ड्राइव्ह उद्या लॅपटॉपला लावा, दुसऱ्या टीव्हीला लावा, मंडळातल्या मुलांना द्या. तो कार्यक्रम तुमचा.

फ्री डिशवर जुन्या एमपेग-२ आणि नव्या एमपेग-४, दोन्ही तऱ्हेच्या वाहिन्या आहेत. सातशे रुपयांचा जुना बॉक्स मिळाला तरी घेऊ नका, तो अर्ध्याच बघतो. वैशालीताईंनी बीबीसीचं सांगितलं ते इथे होऊ शकतं. एमपेग-४ वाला दोन्ही वाचतो.

उपग्रहाची चिंता असेल तर तीही सांगतो. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, ९३.५ अंश पूर्व. तो नोव्हेंबर २०१५ ला सोडला, आयुष्य १२ वर्षांचं धरलेलं. तो म्हातारा होईल तेव्हा त्याच जागी दुसरा आणून ठेवला तर छत्री हलवावी लागत नाही, वाहिन्या परत शोधल्या की झालं. टाटा प्लेच्या (आधीच्या टाटा स्कायच्या) ८३ अंशावर असंच झालं, जीसॅट-२४ जून २०२२ मध्ये सोडला, तो १५ वर्षांसाठी आहे. एवढी वर्षं धरून उपग्रह सोडतात, तेव्हा दोन-तीन वर्षांत छत्र्या उतरवाव्या लागतील असं मला वाटत नाही.

घरावर दुसरी छत्री लागेल. देवगडातून ९३.५ म्हणजे आग्नेयेला, उंची साठ अंशांच्या आसपास. तुमच्या आताच्या छत्रीपेक्षा ती जास्त पूर्वेकडे वळलेली असू शकते. त्या बाजूला माड किंवा आंब्याचं मोठं कलम आड येत नाही ना ते आईला बघायला सांगा. झाप वाऱ्यानं हलला तरी चित्र तुटतं.

आईसाठी आताच्याच कंपनीचा साधा नवा बॉक्स घ्या, रेकॉर्डिंगचा नको. जुना टीव्ही माळ्यावर पडला असेल तर फ्री डिश त्याला जोडा, बाबा तिथे बघतील. नसेल तर एकाच टीव्हीला दोन्ही बॉक्स लागतात. मालिका चालू असतानासुद्धा बाबांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर होत राहील.


प्रभाकर_नाशिक

कणकवलीच्या दादांनी सांगितलेला प्रकार मी निवृत्तीनंतर घरी करून बसलो आहे. शास्त्रीय गायनाच्या मैफली ठेवतो. ज्यांच्या घरी हा बॉक्स जाईल त्यांच्यासाठी काही बारीक गोष्टी लिहितो, कारण दुकानदार बॉक्स देतो आणि जातो.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये वेळेचा विभाग असतो. तो अधिक साडेपाच तास असा लावायचा. पुष्कळ बॉक्स ग्रिनिचच्या वेळेवर येतात. वेळ लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग मग साडेपाच तास मागेपुढे होतं, आणि माणूस बॉक्सला दोष देत बसतो.

कार्यक्रम पाच मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं उशिरा बंद असं लावावं. भजनाची नमनाची ओळ गेली तर फार हळहळ वाटते.

सह्याद्रीसारख्या एसडी वाहिनीला तासाला साधारण एक ते दीड जीबी लागतं. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चाळीसेक तास मावतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, बॉक्स तिचे तुकडे पाडतो. तुकडे पडले म्हणून घाबरू नका, क्रमानं लागतात. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये बिनतक्रार चालतात.

पेन ड्राइव्हवर सगळं साठवून ठेवू नका. तो सतत लिहून-पुसून खराब होतो. दर महिन्याला जे खरोखर ठेवायचं आहे ते हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं.


शंतनू_ठाणे

हे मला माहीत नव्हतं, फ्री डिशचं रेकॉर्डिंग असं उघडं मिळतं ते. अशा घरासाठी दादांचा मार्ग माझ्यापेक्षा चांगला. फक्त एक विचारतो, फ्री डिशवर खासगी मराठी वाहिन्याही येतात ना? मग डीटीएचचा खर्च तरी कशाला?


छत्रीवाला_कणकवली

येतात, पण त्या ई-लिलावातून येतात. आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये असेलच याची खात्री नाही. झी मराठी, स्टार प्रवाह या तर तिथे नाहीतच, आणि मीनलताईंच्या आईची मालिका बहुधा त्यांपैकीच एकीवर असणार. तिच्यावर कात्री लावू नका. इतकी वर्षं तीच उठून जातेय.


मीनल_देवगड

हो, झी मराठीवरच आहे.

मंडळी, ठरलं. आईला साधा नवा बॉक्स, बाबांना फ्री डिशचा एमपेग-४ बॉक्स आणि दोन पेन ड्राइव्ह. जुना टीव्ही आहे, माजघरात लावू. आईनं परसात उभं राहून बघितलं, आग्नेयेला एक माड आहे पण तो बराच खाली उतारावर आहे. महिन्यातून एकदा मी जातेच, तेव्हा ठेवायचं ते माझ्या डिस्कवर उतरवून घेईन. प्रभाकरकाका, वेळेच्या सेटिंगचं कागदावर लिहून घेतलंय. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, मागे नेऊन सावकाशही ऐकता येईल का?

दादा, पावसात काय होतं? जूनमध्ये आताची छत्रीसुद्धा बंद पडते.


छत्रीवाला_कणकवली

मागे नेता येईल, पाहिजे तितक्या वेळा. सावकाशीचं म्हणाल तर टीव्हीवर हळू केलं की बहुतेक बॉक्स आवाज बंद करतात. पण लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये वेग कमी करता येतो आणि आवाजही राहतो. पुण्याहून जाल तेव्हा बाबांना तसं ऐकवा. ठेका मोजायला बरं पडेल.

पावसाचं खरं सांगतो. जोराची सर आली की या लहरी पाण्यात अडकतात, मोठी छत्री लावूनही सगळं टळत नाही. तेवढा वेळ रेकॉर्डिंगमध्ये चित्र थिजलेलं किंवा काळं मिळेल. ते कुणाच्या हातात नाही. हातात आहे ते एवढंच, की साठ सेंटीमीटरऐवजी नव्वदची छत्री घ्या, फरक पडतो. भिंतीला न लावता चिऱ्याच्या चौथऱ्यावर बोल्ट मारून बसवा. निम्म्या वेळा छत्री बंद पडते ती पावसामुळे नव्हे, जोडात पाणी शिरल्यामुळे. एलएनबीजवळचा कनेक्टर रबरी टेपनं गुंडाळायला लावा आणि वायर घरात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन वर घ्यायला सांगा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, आत येत नाही.

बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पंख्यापेक्षाही कमी वीज खातो. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर ती फाइल बिघडते, कधी अख्खा पेन ड्राइव्ह.

काम पाऊस लागायच्या आत उरकून घ्या, पण आंबा संपल्यावर. हंगामात बाबांना माणूस घेऊन छपरावर चढायला वेळ होणार नाही. तुमच्या भागातला कुणी ओळखीचा नसेल तर खासगीत संदेश टाका, त्या बाजूला माझं येणं असतं.